एक दाढी, एक टेक

"ही दाढी एकदाच निघणार आहे, दादा. शॉट चुकला तर ती पुन्हा उगवेल, पण माझं शेड्युल उगवणार नाही," शर्वरी मॅडम म्हणाल्या. "मी डुप्लिकेट मागवतेय."

आम्ही खालापूर तालुक्यातल्या एका कौलारू घराच्या ओटीवर चहा घेत उभे होतो. तिथं आमच्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. मॅडम डिरेक्टर, मी मेकअपमन. राहायला कर्जतजवळ दहिवलीला. आयुष्यभर लोकांना दाढ्या चिकटवत आलोय, त्यामुळे दाढी या विषयावर माझं मत विचारलं जातं. ते मानलं जातंच असं नाही.

सीन साधा होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बरीच वर्षं परागंदा झालेला मुलगा दाढी वाढवून घरी येतो. घरात कुणी नाही. तो वडिलांच्या जुन्या सेफ्टी रेझरनं दाढी करतो, मिशी तेवढी ठेवतो. मग आई येते आणि वडिलांसारख्या त्या बारीक मिशीवरून त्याला ओळखते. यातली दाढी सगळी एका शॉटमध्ये, कुठंही न कापता. क्लोजअप असल्यामुळे चिकटवलेली दाढी चालणार नव्हती. खोट्या केसांवर रेझर फिरवला तर केस निघत नाहीत, अख्खी दाढीच पापडासारखी सुटून हातात येते.

म्हणून निनादनं खरी दाढी वाढवली होती. निनाद नेरळचा, नाटकातून आलेला पोरगा, चांगला नट. अडचण एवढीच, की त्याच्या पिढीतल्या बहुतेकांप्रमाणे त्यानं ट्रिमरशिवाय काही गालाला लावलेलं नव्हतं. आर्ट डिपार्टमेंटनं आणलेला पितळी रेझर त्यानं हातात घेतला, दांड्याचा बुडखा फिरवला, वरची दोन दारं उघडली आणि पातं दिसल्यावर घाईघाईनं पुन्हा बंद केली. हे मॅडमनी पाहिलं. डुप्लिकेटचा विषय तिथून निघाला. म्हणजे सवय असलेल्या माणसाचे हात आणि गाल जवळून घ्यायचे आणि निनादचा चेहरा फक्त शेवटी दाखवायचा.

निनाद मला मेकअप व्हॅनच्या मागं गाठून म्हणाला, "दादा, अख्ख्या सिनेमात मी फ्रेममध्ये एकटा असतो असा हा एकच सीन आहे. त्यातपण हात दुसऱ्याचे? मग मी कशाला?"

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला ते बघवेना. मी तसाच मॅडमकडे गेलो.

"डुप्लिकेट नको. मी शिकवतो त्याला."

"तुम्हाला येतं?"

"मला नाही येत. पण ज्याला येतं तो माझा शेजारी आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाल्या नाहीत. "शॉटच्या आदल्या संध्याकाळी मी बघीन. मला पटलं नाही तर डुप्लिकेट."

"आणि एक. आधी कात्री लागेल."

"सीनमध्ये कात्री नाहीये."

"मग घाला. सेफ्टी रेझर लांब केसांत चालत नाही. एका फटक्यात तुंबतो आणि पुढं ओढ बसते. आधी कात्रीनं दाढी-मिशी आखूड करायची, मग साबण, मग रेझर."

"लेखकाला हे माहीत नव्हतं का?"

"लेखकानं स्वतः दाढी ठेवलीय, मॅडम."

कात्री मंजूर झाली.

शेजारी म्हणजे गोविंदकाका. रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. काकांचा उमेदीचा काळ त्या बँकरवर गेला. ते रोज सकाळी ओट्यावर बसून, खिडकीच्या गजाला आरसा टांगून, सेफ्टी रेझरनं दाढी करतात. वाटेनं जाणाऱ्याला थांबवून गाल दाखवायचीही त्यांना सवय आहे. मी निनादला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सिनेमात काम करतूस आन् दाढी करता येत नाय?"

"नाही काका."

"मंग बस. आधी बघायचं. बोलायचं नाय."

काकांनी गरम पाण्यात पंचा पिळून गालावर धरला, ब्रशनं साबण घोळवला आणि फेस चढवला. मग रेझर गालावर टेकवून नुसता खाली सोडला. खर्रर असा बारीक आवाज आला. फेसातून स्वच्छ पट्टा निघाला.

"ऐकलंस? हा आवाज आला म्हंजे पातं बरोबर बसलंय. आवाज गेला म्हंजे दांडा वाकडा धरलास. आता तू."

पण कुणावर? निनादच्या दाढीला हात लावायची सोय नव्हती. ती शॉटसाठी राखून ठेवलेली. सगळी ग्यानबाची मेख तिथं होती. पोहायला शिकायचं, पण पाण्यात उतरायचं नाही.

तोडगा काकांनीच काढला. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर म्हाताऱ्या मंडळींची बैठक असते. काकांनी सगळ्यांना हुकूम सोडला, की उद्यापासून कुणी दाढी करायची नाय. सगळ्यांचे खुंट वाढू द्या, पोराला शिकायला गाल पायजेत. एरवी या मंडळींचं चहात साखर किती यावर एकमत होत नाही. यावर झालं.

पहिला गाल दिला बैठकीतल्या युसूफभाईंनी. त्यांचं बाजारात कटलरीचं दुकान. पाती, साबण, तुरटी सगळं तेच पुरवत होते, त्यामुळे पहिला मान आपला असं त्यांचं म्हणणं. निनादनं रेझर टेकवला आणि ट्रिमरच्या सवयीनं दाबला. युसूफभाई ओरडले. हनुवटीखाली लाल ठिपका उमटला. काकांनी त्याच्यावर ओली तुरटी दाबली, मग युसूफभाई आणखी जोरात ओरडले.

"दाबू नको रं!" काकांनी निनादचं मनगट धरलं. "रेझरला सोताचं वजन हाय. हे बघ. घाट चढताना बँकर रेटतं. उतरताना कोण रेटतं का? गाडी आपल्या वजनानं उतरती, आपण नुसता आवर धरायचा. दाढी म्हंजे उतरणीची गाडी. समजलं?"

निनादला समजलं. घाट त्याच्या घराजवळचाच. मग काकांनी युसूफभाईंचा चेहरा म्हणजे रेल्वेचा नकाशाच करून टाकला. कल्ला म्हणजे लोणावळा. गाल म्हणजे खंडाळा. जबड्याचं हाड आलं की ठाकुरवाडी.

"ठाकुरवाडीला उतरणीच्या गाड्या उभ्या करून ब्रेक तपासत्यात. तूपण हितं थांबायचं. रेझर धुवायचा. कातडं ताणायचं. मंग पुढं." गळा म्हणजे पळसदरी, कंठाशी कर्जत. "आन् सगळ्यात शेवटी ही सायडिंग," असं म्हणून त्यांनी वरच्या ओठावर बोट ठेवलं. "नाकाखाली जागा कमी. जपून जायचं, जपून यायचं."

पुढचे काही दिवस पॅकअप झालं की निनाद लोकलनं घरी जायच्या आधी दहिवलीला यायचा. ओट्यावर खुंट वाढलेले म्हातारे रांगेनं बसलेले असायचे. काकू गरम पाणी देऊन देऊन वैतागल्या. "पोरगं शिकतंय, का तुमी म्हातारे नवरदेव व्हताय?" असं त्या म्हणायच्या आणि तरी प्रत्येकाची दाढी झाली की बाहेर येऊन बघून जायच्या. खरं सांगतो, त्या दिवसांत मी इतका हसलोय, की माझाही मेकअप कुणीतरी पुन्हा करायला हवा होता. तुळतुळीत गालांचे म्हातारे एकमेकांचे गाल चाचपून निकाल द्यायचे. "ठाकुरवाडीला थोडं राहिलंय" असं कुणी म्हटलं की निनाद पुन्हा ब्रश उचलायचा.

दुसऱ्याची दाढी येऊ लागली, पण स्वतःची वेगळी. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं आणि हात गोंधळतो. म्हणून मी दुसरा अभ्यास लावला. रेझरमधलं पातं काढून घ्यायचं, निनादनं आपल्या दाढीवर फेस लावायचा आणि आरशात बघून तो रिकामा रेझर फिरवायचा. लोणावळा, खंडाळा, ठाकुरवाडी, पळसदरी, कर्जत, सायडिंग. केस जागेवर, हात तयार. ही युक्ती मला सुचली म्हणून मी स्वतःवर फार खूश होतो.

शॉटच्या आदल्या संध्याकाळी मॅडम स्वतः ओट्यावर आल्या. निनादनं गोविंदकाकांचीच दाढी केली. काका डोळे मिटून, आवाज ऐकत बसले होते. झाल्यावर त्यांनी मॅडमपुढं गाल केला. "हात फिरवून बघा. लाजू नका, मी तुमच्या बापाच्या वयाचा हाय." मॅडमनी खरंच हात फिरवला आणि फोन काढून डुप्लिकेटला नको म्हणून कळवलं. निनाद मला कडकडून मिठी मारता मारता फेसानं माखवून गेला.

शॉट सकाळी लावला. सिंक साउंड होता, म्हणजे शूटिंगचाच आवाज सिनेमात वापरायचा, मागून डबिंग नाही. त्यामुळे टेक सुरू झाला की कुणी खोकायचंसुद्धा नाही. मी मॉनिटरशी, मॅडमच्या मागं उभा राहिलो.

निनादनं कात्रीनं दाढी आखूड केली, मिशी बारीक केली. गरम पाणी, पंचा, ब्रश. फेस मिशीवरही आला. त्यात विशेष काही नव्हतं, ब्रश कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मग रेझर टेकला आणि हेडफोन लावलेल्या साउंडवाल्यानं मान डोलावली. खर्रर. लोणावळा सुटलं. खंडाळा. ठाकुरवाडीला तो थांबला, रेझर पाण्यात हलवला, कातडं ताणलं. सगळं कसं झोकात. दाढीआड लपलेला पोरगा पट्ट्या-पट्ट्यानं बाहेर येत होता आणि माझा ऊर भरून येत होता. पळसदरी. कर्जत. आता रेझर खाली ठेवायचा, तोंड धुवायचं, आरशात बघायचं. संपलं.

रेझर खाली गेला नाही. वर निघाला.

सायडिंग! ओट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना सायडिंग होती, मिशी एकालाही नव्हती. आणि रिकाम्या रेझरनं हा पोरगा रोज आपल्या मिशीवरून निर्धास्त जाऊन येत होता. पातं नव्हतं, मिशी जागेवर राहत होती, म्हणून ना त्याला कळलं ना मला. आता पातं होतं. आणि ओरडायची सोय नव्हती.

खर्र. अर्धी मिशी गेली.

निनादनं आरशात पाहिलं. हात थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही नटाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. आपलंच तोंड अनोळखी वाटावं, काहीतरी कायमचं हातातून गेलं असावं, आणि आता त्याला इलाज नाही, असं सगळं एकदम. मला वाटलं, आता हा "सॉरी" म्हणणार. तो म्हणाला नाही. त्यानं एक लांब श्वास घेतला, उरलेली अर्धी मिशी शांतपणे काढली, रेझर धुऊन जागेवर ठेवला आणि दोन बोटांनी मोकळा ओठ हळूच चाचपला.

"कट," मॅडम म्हणाल्या. "काय दिलंय या मुलानं!"

टाळ्या वाजल्या. टाळ्या संपल्यावर कंटिन्युइटी सांभाळणारी असिस्टंट, म्हणजे सीनला सीन जुळतोय का ते बघणारी मुलगी, हळूच म्हणाली, "मॅडम, मिशी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "दादा, आई याला मिशीवरून ओळखते. चिकटवता येईल?"

"येईल. बारीक मिशी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पण मग हा शॉट सायडिंगच्या आधी कापावा लागेल."

"कशाच्या आधी?"

"ओठाच्या आधी, मॅडम. म्हणजे तो चेहरा जाईल."

आत निनाद पंच्यानं ओठ झाकून खुर्चीत बसला होता. मी गेलो तर म्हणाला, "दादा, गेलो मी. डुप्लिकेटनं मिशी तरी ठेवली असती." मी काही बोलायच्या आत बाहेरून मॅडमनी तो शॉट पुन्हा लावल्याचा आवाज आला. त्यांनी तो आणखी एकदा लावला. मग त्या दारात आल्या.

"निनाद, शॉट ठेवतेय. पूर्ण. आईचा सीन मी बदलते. पोराला ओळखायला आईला मिशी कशाला लागते?"

निनाद उठला, काहीतरी बोलायला गेला आणि सरळ रडायलाच लागला. मीही त्यातच होतो. मेकअप नव्हता ते बरं झालं.

सिनेमा लागला तेव्हा ओट्यावरची सगळी मंडळी आमच्याबरोबर आली. तो चेहरा पडद्यावर आला आणि थिएटर स्तब्ध झालं. त्या शांततेत गोविंदकाकांचा आवाज आला, "ह्याला सायडिंगला जायला कुणी सांगितलं व्हतं रं?" काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं. बाहेर एका पत्रकारानं निनादला विचारलं, तो क्षण तुम्ही कसा शोधलात? निनादनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आतून आला." मी चपलांकडे बघत राहिलो.

माझ्यापुरता धडा मी घेतलाय. रिहर्सल बिनपात्याची करू नये. तिच्यात चूक कापली जात नाही, म्हणून दिसत नाही आणि आपण तीच घोटत बसतो.