कौसाचा अर्धवट सोडलेला दात

त्या दिवशी बूथवर कोन कोन व्हतं ते आधी सांगते. पेडगावची कौसा, बोरीची हसीना आन् मी प्रयाग, आमी तिघी होमगार्ड. बंदोबस्ताला पोलिसातले हवालदार मुंजाजी. मशीनीपाशी मतदानाचे मास्तर लोक. पालमच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत बूथ व्हतं. त्यातली कौसा आता न्हाई.

मी चौथीपातूर शिकले. नवरा गेल्यावर होमगार्डात भरती झाले. कौसा आन् हसीना माझ्याच बॅचच्या. परभणीच्या मैदानावर आमची परेड चालायची. पहिल्या दिवशी पँट-शर्ट घातला तवा तिघीबी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. भाईर निघायची लाज वाटायली व्हती. कौसाच पहिली निघाली. म्हनली, "चला गं. लुगड्यात पळता येत न्हाई, ह्याच्यात तरी येतंय का बगू." बुटानं टाचा सोलल्या. तेल लावायचं आन् दुसऱ्या दिवशी परत लेफ्ट-राईट. जत्रा, मोर्चे, परीक्षा, सगळीकडं आमी तिघी एकाच गाडीत. एकीनं भाकरी आनायची, एकीनं ठेचा, हसीनाच्या डब्यात कायतरी गोड असायचंच. लय चांगले दिवस व्हते ते.

कौसाचे दात मजबूत. सुपारी दातानंच फोडायची. हसीना म्हनायची, "कौसाबाई, तुम्हारा अडकित्ता जरा उधार देव."

कौसा म्हनायची, "जळ तू. तुला रवा चावायला दोन दिवस लागतेत."

मंग तिचीच एक दाढ किडली. खालची, उजवीकडली. लवंग धरली, मिश्री दाबली, दुकानातल्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी मी तिला परभणीला दाताच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. बाईनं दाढ उघडली, आत साफ केलं, औषध ठेवलं आन् वरून कच्चं सिमेंट भरलं. म्हनल्या, "मावशी, अर्धंच काम झालंय. रूट कॅनाल पूर्ण करायला पुढच्या आठवड्यात या."

कौसा त्या दिवसापासून जेवायला लागली, झोपायला लागली. पुढच्या आठवड्यात काई गेली न्हाई. मी इचारलं तर म्हनली, "दुखत न्हाई तर कशाला जाऊ? बऱ्या मानसानं दवाखान्यात बसायचं व्हय?" आमच्याकडं समद्यांचं असंच. दुखायलं तर बिमारी, थांबलं की संपली.

काई महिन्यानं निवडणूक लागली. कौसाला पहिल्यांदाच सेक्शन लीडर केल्तं. आमच्या दोघींवर तिचा हुकूम. आदल्या दिवशी दुपारी मशीनी घेऊन बूथवर पोचलो. संध्याकाळी बगितलं तर तिचा गाल फुगल्याला. ते कच्चं सिमेंट कवाच निघून गेल्तं. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून ती गाल शेकायली व्हती.

मी म्हनले, "पालमच्या दवाखान्यात जाऊन ये. अजून गाडी भेटल."

"आन् लीडर कोन? तू? तुला अजून उजवं-डावं कळत न्हाई."

हसीना हसली. कौसाबी हसली, पण अर्ध्या तोंडानं.

सकाळी मतदानाच्या आधीच गेटवर लाईन लागली. कौसानं शिट्टी तोंडाला लावली. वाजली न्हाई. तिचं तोंडच उघडंना. सूज हनुवटीखालून गळ्यापातूर उतरल्ती. हात लावला तर लाकडावानी टणक. आंग तव्यावानी तापल्यालं. थुका गिळता येईना, रुमालात पुसायली व्हती. तरी हातानंच बायांची लाईन सरळ करायली व्हती.

मी हवालदाराकडं गेले. "साहेब, कौसाला आत्ताच न्यावं लागतंय."

"दातच दुखायलाय ना? गोळी देतो."

"थुका गिळता येईना तिला. गोळी कशी गिळंल? तुमी येऊन बगा."

मुंजाजी आले. एकदा बगितलं आन् वॉकीटॉकी काढला.

"कंट्रोल, हवालदार बोलतोय. महिला होमगार्ड सीरियस. गाडी पायजे. ओव्हर."

"गाडी पुढच्या बूथवर गेली. काय झालंय? ओव्हर."

"बोलता येईना. दम घ्यायला तकलीफ हाय. ओव्हर."

"गाडी परत फिरवतो. पेशंट गेटवर आना. आउट."

मुंजाजी म्हनले, "प्रयागबाई, तुमी संगं जा. पण बायांची लाईन?"

"मी बगते की, साहेब," हसीना म्हनली. "जाऊ द्या त्यांला."

कौसानं गळ्यातली शिट्टी काढली आन् हसीनाच्या गळ्यात घातली. बोलता येतच नव्हतं.

जीपमदी आडवं करायला गेले तर ती घुसमटायली. मंग पुढं वाकवून, डोकं माझ्या खांद्यावर घेऊन बसले. वाटंत तिनं हातानं इचारलं, लाईन? मी म्हनले, "हसीना बगायलीय. तू दम घे." तिनं मान हलवली.

पालमला डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. म्हनले, इथं जमणार न्हाई, नांदेडला न्या, झोपवू नका. ॲम्ब्युलन्स मिळाली. नांदेडला दम घेता यावा म्हनून गळ्याला भोक पाडलं, पू काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कौसा गेली. दाढंतला पू गळ्यात उतरल्ता, असं डॉक्टर म्हनले. तिचा लेक मला इचारायला लागला, "मावशी, दातानं मानूस मरतंय व्हय?"

जबाब लय उशिरा भेटला. माझीबी दाढ किडली तवा. डॉक्टरीणबाई त्याच. त्यांनी कागदावर दाढ काढून दाखवली. दाताला मूळ असतं. मुळात बारीक नळी, नळीत नस. कीड नसंपातूर गेली की नस सडती, पू व्हतो. गोळीनं दुखणं दबतं, सड तशीच राहती. रूट कॅनाल म्हंजे बारीक सुयांनी ती नळी साफ करायची, औषध भरून बंद करायची, मंग वरून टोपी बसवायची. पहिल्या खेपंलाच दुखणं जातं. पण नळी अजून भरल्याली नसती, कच्चं सिमेंट निघालं की घाण परत आत. मी सांगितल्या तितक्या खेपा गेले. दाढ अजून हाय, तिनंच भाकरी चावते.

कौसा गेल्यावर पुढच्या परेडला तिच्यासाठी समद्यांना दोन मिनटं सावधान उभं केलं. तिची जागा मोकळी ठेवल्ती. माझ्या एका बाजूला ती मोकळी जागा, तिच्यापलीकडं हसीना. आमी दोघी रडलो न्हाई. ड्रेसवर व्हतो.

ज्यानं ह्ये वाचलं त्याला एवढंच म्हननं हाय. दाताचं काम चालू केलं आसंल तर दुखायचं थांबलं तरी बोलावल्या दिवशी जा, काम पुरं करून घ्या. आन् सूज गळ्याकडं उतरली, तोंड उघडंना, गिळता येईना, तर शेकत बसू नका. हातातलं काम कुनाकडं तरी द्या आन् तवाच दवाखान्यात जा.