गायरानात लावलेली शिस्त

हसणार नाही म्हणून आधी शपथ घ्या, नाहीतर चहा प्या आणि निघा!

आमचं गाव अंजनगावच्या बाजूला. बायको, सुनंदा, बचत गटाची अध्यक्ष. गटाला अर्ध्या गायरानात झाडं लावायचं काम मिळालं. सोमवारी वन खात्याच्या मॅडम तपासायला येणार. काम पसंत पडलं तर उरलेलं गायरानही गटाला! बायांनी चार दिवस खपून खड्ड्याखड्ड्याशी रोपांच्या पिशव्या मांडल्या आणि शनिवारी बायको अकोटला माहेरी गेली. "जरा लक्ष ठेवा," एवढंच म्हणाली.

ठेवलं की! रविवारी जाऊन बघतो तर सागाशेजारी करंज, करंजाशेजारी कडुनिंब, मधेच बेहडा! मॅडम काय म्हणतील? मी पडलो कास्तकार. पेरणीचं तास वाकडं गेलं तरी मला जेवण जात नाही.

शेजारच्या गजाननला हाताशी घेतलं. तो कचरला.

"भाऊ, वयनीनं मुद्दाम ठेवलं असंन तं?"

"मुद्दाम कोणी खिचडी करते काय? उचल!"

दिवस मावळेपर्यंत साग सागात, करंज करंजात. काय दिसत होतं म्हणता!

सोमवारी बायको एसटीतून उतरली ती थेट गायरानात. मी शाबासकी घ्यायला पुढे.

"बाप्पा! काय करून ठेवलं तुमी हे?"

"ओळीत लावलं ना!"

"पराटीत तूर काहून पेरता तुमी?"

"कपाशी अळीनं खाल्ली तं तूर तरी हाती लागते."

"मंग? नुसत्या सागावर अळी आली तं सारं रान जाते! कोणाचं मूळ खोल, कोणाचं वरवर, तवा पाणी मुरते. करंजाच्या फुलावर मधमाशा येतात. इतकी वर्सं शेती केली, अन् हे नाई समजलं?"

मॅडम यायला दोन तास! साऱ्या बाया धावत आल्या. मी पिशव्या घेऊन पळतोय, घाम पुसतोय, चुकीच्या खड्ड्याशी ठेवून शिव्या खातोय. आणि अर्धं रान बाकी असतानाच जीप आली.

"ही झाडं अशी वेगवेगळी कुणी केली?"

सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी बेहड्याच्या रोपाकडे पाहिलं.

"आमच्या घरच्यायनं," बायको म्हणाली.

मॅडम सावलीला बसून राहिल्या. कागद न बघता बायांनी प्रत्येक रोप जागेवर नेलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि उरलेलं गायरानही गटाला देऊन टाकलं!

अट एकच घातली. आता फाटकावरचा राखणदार दोघांनाच हाकलतो: गावच्या शेळ्यांना आणि मला. शेळ्यांना निदान झाडं मोठी झाल्यावर तरी आत सोडणार आहेत!