आमची खारट भाची

पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतल्या तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माझ्या मेव्हणीच्या मुलीसमोर आमटीची वाटी उघडी ठेवू नये. ठेवल्यास होणाऱ्या परिणामांस तिचा काका, म्हणजे मी, जबाबदार राहणार नाही. खारटपणाचा इतका ध्यास घेतलेलं माणूस उभ्या कोकणात दुसरं नाही. समुद्रसुद्धा ओहोटीला जरा दम खातो, ही खात नाही. राहते रोह्याला, पर्यावरणाचा अभ्यास करते आणि पिशवीत पेनाएवढं एक यंत्र बाळगते. ते पाण्यात बुडवलं की पाणी किती खारट ते आकड्यात दिसतं. आहे ते खाडीच्या पाण्यासाठी, पण ही बया ते विहिरीत, ताकात, एकदा तर माझ्या चहातही बुडवून मोकळी झाली. कोलाडला एका लग्नात भर पंगतीत तिनं ते आमटीत घातलं आणि मोठ्यानं जाहीर केलं, "काका, नानांच्या शेतापेक्षा जास्त!" आचारी वाढायला तिथंच उभा होता. तो म्हणाला, "ताई, आता तेच माझ्या डोक्याला लावा. ताप किती चढलाय तो पण कळंल."

नाना म्हणजे माझे चुलते, काशीनाथनाना. धरमतरच्या खाडीकाठी त्यांचं भातशेत आहे, आणि खाडी व शेत यांच्यामध्ये उभा आहे तो फक्त मातीचा बांध. तीन पावसाळ्यांमागं उधाणाच्या भरतीत नेमकी नानांच्या शेतासमोर बांधाला खांड पडली, खारं पाणी आत घुसलं आणि हिरवंगार भात उभ्या उभ्या करपलं. गावानं खांड बुजवली, पण खारावलेलं शेत पडीक राहिलं. तेव्हापासून आमची भाची कॉलेजातली चार पोरं घेऊन दर सुट्टीला कासूवरून गाडीनं पेणला उतरते, आमच्याकडे भाकरी हाणते आणि खाडीवर जाते. या पोरांनी चिखलात रंगवलेले बांबू रोवले, भरती कुठवर चढते ते खुणा करून पाहिलं आणि गावाला सांगितलं, की पाणी आता पूर्वीपेक्षा वर येतंय आणि बांध नानांच्या शेतासमोरच सगळ्यात खाली बसलाय. तिथं माती चढवा, आणि बांधाबाहेर तिवराची खारफुटी लावा, म्हणजे लाटांचा जोर मोडेल.

"तिवरात खेकडं होतात," नाना गरजले, "आन खेकडं बांधाला भोकं पाडतात. तुज्या पुस्तकात नाय काय त्ये?"

"आहे ना. भोकं तुम्ही बुजवा नाना, लाटा मी बघते," ती म्हणाली.

रोपं लावली, तर अर्धी बकऱ्यांनी खाल्ली आणि उरलेल्यांवर चुलीसाठी कोयता चालायला लागला. त्यावर या पोरीनं काय करावं? रोपांचं बारसं केलं! गावातल्या एकेका माणसाचं नाव एकेका रोपाला, वर घुगऱ्या वाटल्या. आता सरपंचांवर कोयता कोण चालवणार? युक्ती नामी होती, पण एका सकाळी खाडीवरून गावाच्या ग्रुपवर तिचा निरोप आला: "काशीनाथनाना आज सकाळी गेले." पुढचं वाक्य रेंज नसल्यामुळे तिच्या फोनातच अडकून राहिलं. नानांची लेक रोह्याला दिलेली. ती रिक्षा करून, वाटभर रडत आली आणि ओटीवर कोसळली. आतून नाना तोंडात मशेरी घेऊन बाहेर आले नि म्हणाले, "काय झालं गो? कोन गेला?" लेकीनं जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या जेटीवर ऐकू गेली असेल. मग उरलेलं वाक्य सावकाश पोचलं: "बकरीने खाल्ले."

नाना हसले नाहीत. संध्याकाळी काठी टेकत बांधावर गेले, आपल्या जागी नवं रोप लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बकऱ्या हाकायला स्वतः बसू लागले. "आपन सोता खाल्लं जातोय म्हंजे बगाया नको?" हे त्यांचं म्हणणं.

एवढ्या पावसाळ्यांनी मीठ धुऊन काढलं, यंदा यंत्रानं शेताची माती पुरेशी गोडी झाल्याचा कौल दिला आणि नानांनी भात लावलं. "परत पानी आत आलं तर शेताचं नाव काडायचा नाय," असं बजावून लावलं, आणि आमचे नाना शब्दाला इतके पक्के, की घरचे त्या दिवसापासून भरतीच्या वेळा पाठ करू लागले. गावानं बांधावर माती चढवली. मीही दोन टोपल्या टाकल्या, त्याची कंबर अजून आठवण काढते.

उधाण भर दुपारी आलं. आम्ही सगळे बांधावर. पाणी चढत चढत नव्या मातीला लागलं, तिवरांचे शेंडेही दिसेनासे झाले. भाची यंत्र मुठीत धरून उभी होती. समोर इतकं पाणी असून यंत्र कोरडं, हा योग मी पहिल्यांदाच पाहिला. मग पाणी थांबलं, थबकलं आणि मागे सरू लागलं. ती आत उतरली, भाताच्या बुडाशी यंत्र बुडवलं आणि वर न बघताच म्हणाली, "गोडं आहे, काका."

मी तिवरांना शाबासकी द्यायला गेलो, तर तिनं मलाच दुरुस्त केलं. यंदा बांध तरला तो चढवलेल्या मातीमुळे. तिवरं अजून पोरं आहेत, त्यांचं खरं काम ती डोक्याइतकी झाल्यावर. तोवर ती स्वतः शिकायला कुठं लांब गेलेली असेल, नाना बहुधा नसतील, आणि माझाही भरवसा देता येत नाही. आमच्या आमट्या तेवढ्या निर्धास्त होतील. असं काहीबाही मनात येत होतं, तोच लक्षात आलं की नाना भाताकडे बघतच नाहीयेत. ते बांधाच्या बाहेरच्या अंगाला वाकून, ओसरत्या पाण्यातून एकेक शेंडा वर येताना पाहत होते. शेवटी एक काटकुळं रोप दिसलं, चिखलानं माखलेलं, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली, जरासं कललेलं. आणि नाना अख्ख्या खाडीला ऐकू जाईल असे ओरडले,

"अगो पोरी, मी हाय! मी अजून उबा हाय गो!"