शिवमूर्ती अप्पाचा एकोणतीस हजारांचा कॉम्प्युटर

चाकूरच्या बाजारात शिवमूर्ती अप्पाचं भांड्यांचं दुकान. आज्यानं टाकलं, बापानं वाढवलं आणि अप्पानं गाजवलं. गाजवलं ते विकून नव्हे, विकत घेऊन. कुणी सांगितलेल्या भावात अप्पा वस्तू घेत नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. लातूरचे दुकानदार तर त्याला इतकं ओळखून होते की कपाळावरची विभूती दुरून दिसली तरी भाव दीडपट करून ठेवायचे. मग अप्पानं घसा कोरडा करून तो मूळ जागी आणायचा आणि जग जिंकल्यागत एसटीत बसायचं. दोघंही खूश.

पण अप्पाचं खरं कसब घरी आल्यावर दिसायचं. ह्या भागात नवी वस्तू आली की माणसं आधी वस्तू बघत नाहीत, "केवढ्याला पडली?" असं विचारतात. खरा आकडा सांगेल तो बावळट. शे-दोनशे कमी सांगायचा रिवाजच आहे. अप्पा हजारांत कमी सांगायचा. पंखा असो, फ्रीज असो, पोराच्या लग्नातला मांडव असो, अप्पाच्या घरी प्रत्येक गोष्टीला दोन किमती होत्या. दिलेली त्याच्या पोटात राहायची, सांगितलेली बाजारात हिंडायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काय उगीच? कुणाच्या पोरीचं लग्न जुळलं की बाप आधी अप्पाच्या पायरीवर. "भांडी तुमच्याकडूनच घेतो अप्पा, पण कपाट घ्यायला संगट चला."

समोर शरणप्पाचं कापडाचं दुकान. त्याच्याकडं गिऱ्हाईक जास्त होतं, पण संगट चला असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर अप्पाची छाती फुगलेली असायची.

अप्पाची सून महानंदा उदगीरची. लग्नाचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे, त्यावर गाणी चढवायची, हे काम ती मोबाइलवर करायची. मोबाइल तापून इस्त्रीवाणी व्हायचा आणि नवरीच्या गळ्यात हार पडताना हमखास बंद पडायचा. म्हणून तिनं त्याच कामातून बेचाळीस हजार साठवले, चार जाणत्यांना विचारलं आणि ठरवलं, की तयार जोडून मिळतो तो स्वस्तातला गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा. ज्याच्यावर गेम पळतो त्याच्यावर व्हिडिओही पळतो.

"गेम?" अप्पा म्हणाला. "लेकरू हाईस का तू?"

"खेळायला न्हाई अप्पा. त्याच्यातलं ग्राफिक कार्ड ताकदीचं असतंय. मी जाते नांदेडला नि घेऊन येते."

अप्पा नाहीच म्हणणार होता. पण शरणप्पा तेव्हा नेमका चहाला आलेला. तो बशीत फुंकर मारत म्हणाला, "जाऊ द्या की अप्पा तिला एकटी. पातेलं वाजवून घेता येतंय. कॉम्प्युटर तुमी काय वाजवून घेणार?"

झालं. दुसऱ्या दिवशी सुनेचे पैसे आतल्या खिशात घालून अप्पा नांदेडच्या एसटीत, शेजारी महानंदा.

दुकान मुकुल नावाच्या हसऱ्या पोरसवदा माणसाचं होतं. त्यानं कॉम्प्युटरचे दोन डबे पुढं मांडले. एक काळा, ठोकळ्यासारखा, ना काच ना दिवा. दुसऱ्याला एका बाजूनं अख्खी काच आणि आत चार पंखे. बटण दाबल्याबरोबर त्यात लाल, हिरवं, निळं असं काही गरगरायला लागलं की अप्पाला जत्रेतला पाळणाच आठवला.

"ताई, तुमच्या कामाला हा काळा घ्या," मुकुल म्हणाला. "दिसायला गरीब आहे, पण आतला माल नवा आहे. आय-थ्री, बाराव्या पिढीचा. बेचाळीस हजार, फिक्स."

"आन् हा काचंचा?" अप्पानं विचारलं.

"तो आय-सेव्हन. चौथ्या पिढीचा. कार्ड मोठं आहे त्यात. अठ्ठेचाळीस सांगतो, थोडंफार कमी होईल."

अप्पानं महानंदाकडं बघितलं. मनात म्हणाला, बघ, कसं बनवून राहिलाय. मग मोठ्यानं म्हणाला, "आरं, साताहून तीन चांगले म्हणतोस? कोणत्या शाळंत होतास?"

"अप्पा, चौथी पिढी म्हणजे दहा वर्षांच्या मागची," महानंदा हळूच म्हणाली. "जुन्या भांड्याला कल्हई केल्यागत हाय ते."

"जुनं घराणं म्हण की. आपलं दुकान तिसऱ्या पिढीचं हाय. बुडालं का?"

मग अप्पा उठला. त्यानं काळा डबा बोटाच्या पेरानं वाजवून बघितला. ठक्क. काचेचा वाजवला. टण्ण. दोन्ही हातांनी उचलून बघितले. काचेचा डबा जड निघाला. "ह्यात माल जास्ती हाय," अप्पानं निकाल दिला. मुकुल म्हणाला, "काका, ते काचेचं वजन आहे." पण दुकानदाराचं ऐकणारा माणूस तो अप्पा कसला?

खरं तर अप्पाला काळ्या डब्याचा राग आला होता तो 'फिक्स' ह्या शब्दानं. भाव न पाडता घेतलेली वस्तू त्याला चोरून आणल्यासारखी वाटायची. काचेच्या डब्यात मात्र 'थोडंफार कमी' होतं. अप्पा त्या थोड्याफारावर असा बसला जसा माणूस पंगतीला बसतो.

"पस्तीस."

"नाही परवडत काका. कमी करायचंच तर हे मोठं कार्ड काढून निम्म्या ताकदीचं टाकतो."

"टाक की."

मुकुलनं काच उघडली, एक भाग काढून खणात ठेवला, दुसरा बसवला. "आता त्रेचाळीस."

"लई होतेत."

"मग रॅम सोळाची आठ करू?"

"कर."

"पॉवर सप्लाय साधा देऊ?"

"साधाच दे. आमी साधी माणसं."

महानंदानं अप्पाची बाही ओढली. "अप्पा, तुमी भाव पाडून न्हाई राहिलात, डबा मोकळा करून राहिलात!"

"तू गप. बाईमाणूस मधी बोललं की दुकानदार ताठतो."

मुकुलच्या खणात आता पुष्कळ काही जमलं होतं. तो शेवटी म्हणाला, "काका, दिवे काढले तर अजून दीड हजार कमी होतील."

"दिव्याला हात लावायचा न्हाई!" अप्पा एवढ्यानं ओरडला की पलीकडच्या दुकानातला माणूस डोकावला.

अडतीसला सौदा पटला. एसटीत बसल्यावर अप्पानं चार हजार सुनेच्या हातावर ठेवले. "घे. काळा घेतला असतास तर गेले असते." महानंदानं ते पर्समध्ये टाकले आणि चाकूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. अप्पाला वाटलं, पोरीचा ऊर भरून आलाय.

डबा घरी लागला तशी निम्मी गल्ली आत आली. दिवे फिरत होते, पंखे फिरत होते, अप्पा पलंगावर मांडी घालून बसला होता.

"केवढ्याला पडला अप्पा?"

"तुमीच सांगा."

"पन्नास तर लागलेच असतेल."

अप्पानं कपातला चहा संपवला, मिशी पुसली. जितका थांबला तितका आकडा खाली घसरत गेला असावा. "एकोणतीस," तो म्हणाला.

निम्म्या गल्लीनं आधी डब्याकडं बघितलं, मग अप्पाकडं. चहाच्या कपबश्या गोळा करणाऱ्या महानंदानं सासऱ्याकडं एकदा बघितलं, आणि कपबश्या घेऊन आत गेली.

पुढं आठवडाभर तिनं त्या डब्यावर एका लग्नाचा व्हिडिओ उतरवायचा प्रयत्न केला. सप्तपदीचं एक पाऊल पडलं की डबा दम खायचा. व्हिडिओ पूर्ण करायला लावला की धाप लागल्यासारखा आवाज काढून गप्प पडायचा. पाथरवाडीच्या नवरीचे घरचे रोज फोन करत होते. ती अप्पाला म्हणाली, "चालत न्हाई हो हा."

"लाइटा तर जळतेत की," अप्पा म्हणाला.

बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी होती. शरणप्पा रस्ता ओलांडून आला आणि त्यानं अप्पाच्या काउंटरवर नोटांचा गठ्ठा ठेवला. "एकोणतीस हजार हायेत. मोजून घ्या. असलाच एक मला आणून द्या. दुकानात लावतो, बिलं बी होतेल आन् गिऱ्हाईक बी थांबंल."

अप्पानं गठ्ठ्याला हात लावला नाही. आणून द्यायचा तर पदरचे नऊ हजार घालायचे. नाही म्हणायचं तर खरी किंमत सांगायची. भोवती भांडी घेणारी माणसं आता भांडी सोडून अप्पाचं तोंड बघत होती.

"माल संपला म्हणं त्याच्याकडं," अप्पा कसाबसा म्हणाला. "एक नग बी मिळत न्हाई आता."

"मग हाच न्या की काका," दुकानामागच्या घरातून महानंदा आली. "पर आधीच सांगते, ह्याच्यावर व्हिडिओ बनत न्हाईत. बिलं होतील. दिवे मात्र झकास."

"मला काय शिनिमा काढायचाय?" शरणप्पा खूश झाला. "दिवेच पायजेत."

अप्पानं सुटकेचा श्वास सोडला. सून किती गुणाची, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात सुनेनं काउंटरवरचा गठ्ठा उचलला, मोजला, आणि सगळ्यांसमोर, अगदी नम्र आवाजात म्हणाली, "अप्पा, मी तुमाला बेचाळीस दिलते. चार तुमी एसटीत परत दिले. हे एकोणतीस. मग वरचे नऊ?"

"कसले नऊ?"

"एकोणतीसलाच घेतला न्हव का? मग नऊ तुमच्याकडंच ऱ्हायले असतेल. इसरलात वाटतं."

अप्पानं तिच्याकडं बघितलं. नांदेडच्या दुकानात ती त्याच्या शेजारीच होती, तिला सगळं माहीत होतं. आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. पण बाकी कुणाला माहीत नव्हतं. एक शब्द बोलला असता की "अगं, अडतीस दिलते," तर नऊ हजार वाचले असते आणि तीस वर्षांच्या पंखे-फ्रीज-मांडवांचे भाव एका दमात उघडे पडले असते. शरणप्पा भुवया वर करून वाट बघत होता.

अप्पानं गल्ला उघडला. नोटा दोनदा मोजल्या. "गडबडीत राह्यलं," तो म्हणाला. "घे."

महानंदा त्याच हप्त्यात एकटी नांदेडला गेली आणि काळा डबा घेऊन आली. बाया बघायला आल्या. "केवढ्याला?"

"बेचाळीसला."

"अगं बया! ना काच, ना दिवा? फसलीस की गं. सासऱ्याला न्यायचं व्हतं."

आतल्या खोलीत पाथरवाडीचं लग्न एका दमात उतरत होतं. पलंगावर बसलेल्या अप्पानं मान डोलावली. "मी सांगतच व्हतो तिला," तो म्हणाला.

एवढ्यावर सगळं झाकलं गेलं असतं. अप्पानं नऊ हजार देऊन आपलं नाव विकत घेतलं होतं, आणि महाग पडलं तरी सौदा पक्का, अशी त्याची समजूत होती. पण शरणप्पाच्या दुकानातले दिवे रस्त्यावरून दिसायचे, आणि येणारा जाणारा विचारायचा. शरणप्पाही ह्याच मातीतला. तो किती सांगणार?

"पंचवीस," शरणप्पा म्हणायचा. "अप्पाकडून घेतला. चार हजार पाडले म्या."

बाजारच्या दिवशी ज्यांनी डोळ्यांनी एकोणतीस बघितले होते, त्यांनीही माना डोलावल्या. त्यांना सुद्धा उद्या काहीतरी घ्यायचं होतंच, आणि त्याचा भाव कुणाला तरी सांगायचा होताच.

पुढच्या सोमवारी घरणी गावचा एक म्हातारा अप्पाच्या दुकानी आला. पोरीच्या लग्नाची भांडी त्यानं बघितली, हंडा वाजवला, भाव केला. अप्पा नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "कपाट कुठून घेणार मग? मी येतो संगट."

"न्हाई, कशाला तुमाला तरास?" म्हातारा हंडा उचलत म्हणाला. "शरणप्पा येऊन राह्यले की. त्यांनी तुमाला बी पाडलं म्हणं."