छत्तीस खुर्च्यांचं लग्न

तिला सगळा बाजार मावशी म्हणायचा, आणि ते नाव तिला चिकटवलं होतं एका चार वर्षांच्या मुलीनं. फुलांच्या दुकानात ओल्या पोत्यावर बसून ती मुलगी दिवसभर "मावशी, मावशी" करत जीव खायची. ते ऐकून शेजारचा रिबीनवाला तशीच हाक मारू लागला, मग चहावाला, मग गिऱ्हाइकं. दुकानाच्या पाटीवर तिचं खरं नाव होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही.

मुलगी तिच्या धाकट्या बहिणीची. नवरा सोडून गेला आणि बहिणीला परदेशातल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. जाताना ती म्हणाली, "ताई, दोन वर्षं सांभाळ हिला. जम बसला की घेऊन जाते."

जम बसायला एकोणीस वर्षं लागली. तेवढ्या काळात आईकडून खोकी यायची. त्यात कपडे असायचे, आणि ते नेहमी एक माप लहान निघायचे. लांब राहून तिला मुलीची वाढ कुठून कळणार? मावशी ते कपडे गुपचूप उसवून मोठे करायची आणि म्हणायची, "बघ, आईनं कसा बरोब्बर अंदाज केलाय."

मुलगी एका जागी ठरायची नाही म्हणून मावशी तिला भिंगरी म्हणे. भिंगरीचे ताप, भिंगरीच्या शाळेतली भांडणं, गणिताची भीती, पहिल्यांदा कुणीतरी मन मोडलं तेव्हाचं आठवडाभराचं रडणं, सगळं मावशीनं काढलं. मधे तिला स्वतःला एक स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता, पण "पोरीची काहीतरी वेगळी सोय करा" म्हणाला. मावशीनं त्याला चहा दिला, चप्पल दाखवली नाही एवढंच.

मग बहीण परत आली, कायमची. सोबत दुसरा नवरा होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी घर घेतलं. भिंगरी शनिवार-रविवार तिकडे जाऊ लागली, मग बुधवारीही. मावशीला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आई ती आईच, असं ती स्वतःला बजावायची, आणि स्वयंपाक करताना चुकून दोघींचा करायची.

एक दिवस दुपारी भिंगरी दुकानात धावत आली. "मावशी, लग्न ठरलं! आणि मला बेटावर करायचंय. छोटंसं, घरचंच. सजावट तूच करायचीस हां, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

मावशीला आकाश ठेंगणं झालं. पंचवीस वर्षं तिनं लोकांची लग्नं सजवली होती. आता घरचं होतं.

बेट किनाऱ्यापासून लाँचनं अर्ध्या तासावर. वर एक जुनं विश्रामगृह, एक विहीर आणि एक म्हातारा राखणदार. लग्नाच्या आधी मावशी तिथं तीनदा जाऊन आली. राखणदाराला तिनं भंडावून सोडलं. "वारा कधी सुटतो? कुठून येतो? भरतीचं पाणी कुठवर चढतं?"

"बाई, तुम्ही लग्न करताय की वस्ती?" तो म्हणाला; पण मग त्यानंच काठी घेऊन वाळूत रेघ ओढून दिली. पाणी इथवर येतं, चारनंतर वारा पश्चिमेकडून.

मावशीनं सगळं त्यावरून बेतलं. नाजूक पाकळ्यांची फुलं खाऱ्या वाऱ्यात तासाभरात माना टाकतात, म्हणून तिनं चिवट फुलं निवडली: शेवंती, निशिगंध, आणि भरपूर हिरवा पाला. खुर्च्यांचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून खाली फळ्या. कमान बांबूची, मागून पांढऱ्या कापडाची. फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्यांतून सकाळच्या खेपेला न्यायची. नवरा-नवरी आणि फोटो काढणारा सोडून लाँचमध्ये छत्तीस माणसं मावतात, तेव्हा पाहुणे छत्तीस.

यादी बहिणीनं केली होती, भिंगरीनं ती आणून दिली. प्रत्येक खुर्चीवर नावाचं कार्ड ठेवायचं होतं, आणि मावशीचं अक्षर मोत्यासारखं. घरी टेबलावर बसून तिनं कार्डं लिहायला घेतली. नवऱ्या मुलाचे आईवडील. त्याचे काका, काकू. बहीण, तिचा नवरा. नवऱ्याचे दोन मित्र आणि त्यांच्या बायका. भिंगरीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. छत्तिसावं कार्ड लिहून झालं आणि हातातलं पेन तसंच राहिलं. तिनं यादी उलटून पाहिली, मागचं पान कोरं होतं. पुन्हा वरपासून बोट ठेवत वाचली. तिचं नाव नव्हतं.

आधी तिला हसूच आलं. घरचंच माणूस, त्याचं कार्ड कशाला! पण मग तिच्या लक्षात आलं की बहिणीचं कार्ड होतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, खुर्च्या छत्तीसच ना? एखादी जास्तीची ठेवू?"

"नको नको, छत्तीसच," भिंगरी घाईत म्हणाली. "लाँचमध्ये तेवढेच मावतात. तुम्ही कामाची माणसं सकाळच्या खेपेला जाणार ना?"

तुम्ही कामाची माणसं.

"हो," ती म्हणाली, "आम्ही सकाळीच जाऊ."

लग्नाच्या दिवशी सकाळी ती दोन मदतनीस बायकांना घेऊन बेटावर उतरली. पिशवीत तिनं नवे कपडे घेतले होते. का घेतले, ते तिचं तिलाच ठाऊक. दुपारपर्यंत कमान उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर तिनं आजवर केलेल्या कामांत तिला तोड नव्हती. राखणदारसुद्धा डोक्यावरची टोपी काढून बघत राहिला.

लाँच आली. पाहुणे उतरले. भिंगरी उतरली आणि कमान पाहून तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मावशी पुढे सरसावली, पण तेवढ्यात बहिणीनं मुलीला मिठीत घेतलं होतं, आणि फोटो काढणारा भोवती फिरत होता. मावशी टाचण्यांची डबी घेऊन परत फिरली.

वारा त्या दिवशी चारची वाट बघत बसला नाही. साडेतीनलाच सुटला. कमानीचा डावा बांबू वाळूत सैल झाला आणि हलू लागला. दोघं आता कुठे कमानीखाली येऊन उभी राहिली होती. हातोडी चालवायची तर सगळा विचका होणार. मावशी कापडामागे गेली, गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी तिनं बांबू घट्ट धरला.

भिंगरीचं लग्न तिनं तिथून पाहिलं. म्हणजे पाहिलं असं नाही, कापडावर सावल्या दिसत होत्या तेवढ्याच. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, अंगठ्या घातल्या. नवरा मुलगा अडखळला, सगळे हसले. मावशीही मागे हसली. हात भरून आले होते.

मग बहीण बोलायला उभी राहिली. "लांब राहून मुलीला वाढवणं काय असतं ते माझं मला माहीत," ती म्हणाली. तिचा आवाज खरोखरच कापत होता. "मी एकटीनं केलं सगळं. आज वाटतंय, सार्थक झालं."

टाळ्या पडल्या. मावशीच्या हातातून बांबू सुटता सुटता राहिला.

"मावशी," फोटो काढणारा वाकून हळूच म्हणाला, "जरा हात आत घ्या ना. चौकटीत येतोय."

तिनं हात आत घेतला.

निघताना भिंगरी धावत आली. "मावशी, फारच सुंदर केलंस गं! सगळे विचारतायत कुणी केलं म्हणून." तिनं मावशीच्या गालाला गाल लावला आणि ती लाँचकडे पळाली. मावशीनं कपड्यांची पिशवी न उघडताच खांद्याला अडकवली, खुर्च्या मोजल्या, फळ्या गोळा केल्या. राखणदारानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "तुमचीच ना मुलगी? नाकीडोळी अगदी तुमच्यासारखी आहे." मावशी घटाघटा पाणी प्यायली. तांब्या तिनं विसळून परत दिला.

तीन आठवड्यांनी भिंगरी दुकानात आली. फोटोंचा अल्बम हातात होता, पण तो तिनं उघडला नाही.

"मावशी, एकाही फोटोत तू नाहीस."

"कामात होते ना मी." मावशी देठ छाटत राहिली. मग तिनं कात्री खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच ती या पोरीशी अशी बोलत होती. "कार्डं मी लिहिली, बाळा. छत्तीस. यादी तुझ्या आईनं केली, ठीक आहे. तू वाचली होतीस का?"

भिंगरीनं अल्बम बाजूला ठेवला. "वाचली होती."

बाहेर रिबीनवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. दुकानात बादलीतल्या पाण्याचा वास होता.

"आई म्हणाली, तू पुढे बसलीस तर तिच्याकडे कोण बघणार? ती खूप रडली, मावशी. तिला एकच दिवस माझी आई व्हायचं होतं. तू तर रोजच होतीस."

"मग मला सांगायचंस गं. मी आपणहून मागे राहिले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," भिंगरी हुंदका देत म्हणाली. "तू हसत हो म्हणाली असतीस. ते मला बघवलं नसतं."

मावशीनं तिला जवळ घेतलं, डोळे पुसले, पाणी दिलं. पोर रडली की दुसरं काही तिला येतच नव्हतं. पण नेहमी तिला कुशीत घेतल्यावर जे आतून भरून यायचं, ते त्या दिवशी आलं नाही. ती वाट बघत होती. नाही आलं.

भिंगरी नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात गेली. रविवारी फोन करते, आणि मावशी पहिल्या घंटीला उचलते. हवापाणी, तब्येत, भाजीला काय केलं, सगळं बोलणं होतं. लग्नांची कामं मात्र मावशीनं रिबीनवाल्याच्या सुनेकडे वळवली. आता ती दवाखान्यात न्यायचे गुच्छ तेवढे बांधते.

परवा एका नव्या गिऱ्हाइकानं गुच्छ घेता घेता विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलंबाळं किती?"

एवढी वर्षं या प्रश्नाला ती क्षणाचाही विचार न करता सांगायची, एक मुलगी आहे. त्या दिवशी तिनं आधी दोऱ्याला गाठ मारली, टोक दातानं तोडलं.

"भाची आहे एक," ती म्हणाली. "लग्न झालं तिचं."