कपाटात अडकलेले नाना

मी स्वभावाने कुलूपप्रिय माणूस आहे.

नोकरी बँकेतली, त्यातही बरीच वर्षं लॉकरच्या किल्ल्या माझ्याकडे. त्यामुळे मोलाची वस्तू दिसली की आत ठेवायची, कुलूप लावायचं आणि तीनदा ओढून बघायचं, ही हाताची सवय. सांगलीहून बदली होऊन आम्ही जयपूरला, दुर्गापुऱ्यात आलो, तेव्हा सामानात भांड्यांपेक्षा कुलपं जास्त होती, असं आमची सुनंदा अजून पाहुण्यांना सांगते. (साफ खोटं! भांडी चार जास्त होती.)

अशा माणसाच्या हातात मेहुण्याने अमेरिकेहून आणलेला एक काळा डबा ठेवला. तेव्हा असले डबे इकडे कुणी पाहिलेही नव्हते.

"दाजी, घरातले सगळे फोटो यात भरायचे. याला फक्त वीज द्या. कॉम्प्युटरला वायर जोडायची नाही, काही नाही. घरात कुठेही ठेवा, फोटो आपोआप दिसणार!"

'कुठेही ठेवा' हे त्याने मला सांगायला नको होतं.

डबा आला तो अगदी वेळेवर. आईचं सहस्रचंद्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं होतं. सांगलीच्या दादाकडून जुने अल्बम मागवून, एकेक फोटो स्कॅन करून मी कॉम्प्युटरमध्ये घातला होता आणि अल्बम परत पाठवले होते. आईची एकच इच्छा होती. आमचे वडील, म्हणजे नाना, जाऊन बारा वर्षं झालेली. आईची नजर अधू. बोटाएवढ्या फोटोत तिला नाना दिसायचेच नाहीत.

"विनू, टीव्हीवर मोठे दिसतील ना रे ते?"

"आई, भिंतीएवढे दाखवतो!" मी म्हणालो. (टीव्ही एकवीस इंची होता.)

टेबलावर ठेवून डब्यात फोटो भरले. झकास चालला. आता नाना, आईचं तरुणपण, आमची लग्नं, मुंजी, सगळं त्या डब्यात. एवढा ऐवज टेबलावर उघडा? मी डबा सरळ आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवायचं ठरवलं. फक्त विजेची वायर आत न्यायला भोक हवं. शेजारचे माथुरजी ड्रिल मशीन घेऊन उत्साहाने हजर झाले.

"विनायकजी, पीछे से मारते हैं, शान से!"

मारलं. पत्रा जाम कुरकुरला, मग फुटला. पुढे ड्रिल जरा अडखळलं, गुरगुरलं आणि एकदम लोण्यात घुसावं तसं सुटलं. "अमेरिका कुछ भी बनाए, छेद तो अपना है!" माथुरजी म्हणाले. कप्प्यात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं मध्ये येत होतं, ते मी न बघता बाजूला सारलं, डबा ठेवला, हिरवा दिवा लागला, कपाट बंद. किल्ली जानव्याला. तीनदा ओढून बघितलं.

आणि कॉम्प्युटर भरत आला होता म्हणून त्यातले फोटो पुसून टाकले. एकाच वस्तूच्या दोन प्रती म्हणजे नसता पसारा!

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम ठेवली. कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. आई चष्मा पुसून पुढ्यात बसली. आमची मिनी, चौदा वर्षांची, जयपूरच्या शाळेतली, तिने माउस हलवला.

"बाबा, डबा मिळतच नाहीये. मतलब, है ही नहीं!"

"नीट बघ!"

"तुम्हीच बघा ना!"

मी बघितलं. खरंच नव्हता. नाना नव्हते, आई नव्हती, आमच्या लग्नाचा तर मागमूस नव्हता.

"नाना कुठायत रे?" आईने विचारलं.

"येतायत आई, जरा... वाटेत आहेत."

सुनंदा आतून म्हणाली, "अहो, कपाटाची किल्ली द्या. उद्याची पैठणी काढायचीय." अशा वेळी हिला पैठणी सुचते! मी जानव्याची किल्ली सोडून भिरकावली आणि डब्याबरोबरच आलेली, त्याचे फोटो हॉलमध्ये पकडणारी अँटेनावाली पेटी घेऊन स्टुलावर चढलो. हात उंच केला. काही नाही. एक पाय उचलला आणि काय चमत्कार! टीव्हीवर नाना! डोक्याला फेटा, काळ्याभोर मिशा, हातभर रुंद!

"अगं बाई!" आई ओरडली.

"बाबा, हिलना मत!"

मी बगळ्यासारखा उभा. अर्ध्या मिनिटात नाना गायब.

"पाय टेकवलात ना?" आई रागावली.

"नाही गं, तस्साच आहे!"

गलका ऐकून माथुरजी आले. त्यांच्या मते माझ्या दुसऱ्या हातात धातू पाहिजे होता. मला पितळेचा तांब्या दिला. डाव्या हातात तांब्या, उजव्या हातात पेटी, एक पाय वर आणि नाना परत हजर! माथुरजींनी टाळी वाजवली. नाना गेले. तांब्यात पाणी भरलं. नाना आले! आता उद्या वीस पाहुण्यांसमोर मी तासभर असाच उभा राहणार, यावर घरात एकमत झालं. आई म्हणाली, "सोवळं नेस, म्हणजे बरं दिसेल."

मिनी मात्र टीव्ही सोडून आतल्या खोलीच्या दारातून सुनंदाकडे बघत होती.

"आई, तू आत्ता काय केलंस?"

"कपाट उघडलं. मघाशी पैठणी काढली, आता ब्लाउज सापडत नाहीये. का गं?"

"बंद कर. ... आता उघड."

बंद केलं, नाना गेले. उघडलं, नाना आले.

"बाबा," मिनी अतिशय शांतपणे म्हणाली, "तुम्ही वायरलेस डब्याला लोखंडात कोंडलंय. सिग्नल बाहेर येणार कसा?"

मी स्टुलावरून उतरलो. तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

नाना परतले होते. आई टीव्हीजवळ सरकली, फेट्यावरून, मिशांवरून बोट फिरवत राहिली. "किती दिवसांनी नीट बघतेय रे," ती म्हणाली. एवढा आनंद मी आठवडाभर कुलपात घालून ठेवला होता! दुसऱ्या दिवशी कपाट सताड उघडं राहणार, पाहुणे त्यापुढून ये-जा करणार, तरी मला काही वाटलं नाही. (वाटलं. पण बोललो नाही.)

तेवढ्यात आतून सुनंदाची किंकाळी आली. पैठणी! ड्रिल! लोणी! मला सगळं एकदम आठवलं. धावत गेलो. पैठणी तिच्या खांद्यावर, धडधाकट. हातात ते गाठोडं आणि त्यातला माझा नवाकोरा रेशमी कुडता, खास उद्यासाठी शिवलेला. तिने घडी उलगडली. एक भोक. आणखी उलगडली. दोन. चार. आठ!

सुनंदा हसून हसून पलंगावर कोसळली. आई काठी टेकत आली, कुडता डोळ्यांजवळ धरून तिने एकेक भोक चाचपलं.

"विनू, हा डबा बिनवायरचा ना रे?"

"हो आई."

"मग भोक वायरसाठी कशाला पाडलंस?"

दुसऱ्या दिवशी मी तोच कुडता घातला. आईने हट्टच धरला. पाहुणे नानांइतकेच माझ्याकडेही बघत होते.

तेव्हापासून आमचं कपाट उघडंच असतं आणि कुडता त्यात समोरच टांगलेला. घरातली ही एकच वस्तू अशी आहे, की चोर स्वतः आला तरी तिला हात लावणार नाही. तरी कुडता तीनदा ओढून बघितलाय मी!