यमुनेच्या कडेवर माझी पोर

मिलमधला माल संपला म्हणून नायकिणीने आम्हाला सकाळी नऊलाच सोडलं. मी धावतच चाळीत आले, तर आमची पोरं सांभाळणाऱ्या यमुनेच्या खोलीला बाहेरून कुलूप. खिडकीच्या गजांतून बघितलं. सारजाचं पोर निजलेलं, गंगूचं पोर निजलेलं, आणि माझ्या काशीचं दुपटं तेवढं पडलेलं. काशी नाही.

मी गज वाजवले, हाका मारल्या. आतली दोन पोरं हललीसुद्धा नाहीत.

ती का हलली नाहीत ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी परळला मिलमध्ये रिलिंग खात्यात आहे. रीळ म्हणजे मोठा रहाट, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. कांडीवरचं सूत त्यावर घ्यायचं आणि लडी करायची. खातं सगळं बायांचं, वर एक नायकीण, म्हणजे बायांची मुकादम, भागीरथीबाई. सकाळी भोंग्याला आत, बाराला जेवणाची सुट्टी, मग दिवेलागणीपर्यंत काम. तान्हं पोर ठेवायचं कुठे? म्हणून सकाळी पाजलं की अफूची गोळी द्यायची, मोहरीएवढी. बोटावर घेऊन जिभेला लावायची. पोर सुट्टीपर्यंत निजतं. आमच्यात सगळ्याच देतात. मला सासूने शिकवलं. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा येतो, त्याला काय विचारणार.

यमुना आणि तिचा नवरा रघू शिमग्यानंतर चाळीत आली. दोघं विशीतली, गोरीगोमटी, सारखी हसायची. रघू मला वैनी म्हणायचा. यमुना म्हणाली, "मला मूल नाही गो. तुमची पोरं द्या, बघीन मी." काही मागितलं पण नाही. सारजा, गंगू आणि मी, आम्हा तिघींना देव भेटल्यासारखं झालं.

समोरची म्हातारी, तिला सगळी आये म्हणतात, तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "आये, माझी काशी कुठे?"

"नेली की दोघांनी. रोज नेतात."

"रोज?"

"तू कामावर गेलीस की नेतात, भोंग्याच्या आधी आणतात. मला वाटलं तुला ठाऊक असंल. जोडा शोभतो हो, पोर कडेवर घेतली की."

मी तशीच मिलकडे पळाले. गेटवर नायकीण पठाण पहारेकऱ्याशी बोलत होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "देवळात गेली असंल, येईल. एवढ्यात कशाला धापा टाकतेस?"

पण पठाणाने कान टवकारले. तो चौकीवरच्या शिपायांत बसणारा. म्हणाला, "बाई, चौकी में पुकार है. एक जवान जोडी, गोद में बच्चा. बोट से उतरा आदमी को पेडा खिलाती, परसाद बोलके. आदमी सो जाता, ये रुपया-गहना लेके भागते. परसों एक बूढा उठाच नहीं."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी बंदराकडे निघाले. नायकिणीने दंड धरला.

"कुठे?"

"बंदरावर. सोडा मला."

"एवढ्या माणसांत शोधणार कुठे? आणि तुला लांबून बघितलं की पोर टाकून पळतील ती. नाहीतर पाण्यात टाकतील. ऐक. रोज सुट्टीला पोर तुझ्या हातात देते ना ती? म्हणजे सुट्टीच्या आत येणार. आपण हललो नाही तर येणार."

पठाणाला तिने चौकीवर पिटाळलं. मग रस्त्याकडे बघितलं. माल नाही म्हणून चाळीसेक बाया गेटबाहेर बसलेल्या, कुणी पान खातंय, कुणी केस विंचरतंय. बंदरावरून चाळीत यायला हाच रस्ता. नायकीण म्हणाली, "ह्या अशा बाहेर दिसल्या की त्यांना कळलंच, रिलिंग सुटलंय म्हणून." आणि तिने टाळी वाजवली. "चला गं, आत. सगळ्या."

आत जाऊन तिने पट्टे चढवायला लावले. चाळीस बाया आपापल्या रिळावर बसल्या आणि रिकामी रिळं फिरायला लागली. सूत नाही, काही नाही. कुणी विचारलं नाही का म्हणून. नायकिणीला कुणी विचारत नाही.

माझं रीळ खिडकीजवळ, रस्त्याकडे तोंड करून. मी म्हटलं, "मला दुसरीकडे बसवा."

"नको. रोज जिथे असतेस तिथेच बस. आणि उठायचं नाही. काही झालं तरी."

साडेदहाच्या सुमाराला मास्तर आला. मास्तर म्हणजे खात्याचा साहेब, पारशी, चिडका. "ए भागीरथी, माल नाय, तो आ शूं चालू छे?"

"तेल दिलंय साहेब. मुरवतोय."

"चाळीसच्या चाळीसला?"

"एकालाच दिलं तर बाकीची रुसतात."

तो बडबडत गेला. रिपोर्ट करीन म्हणाला. बाया हसल्या नाहीत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हात चालवत होते. रिकाम्या रिळावर हाताला काम नसतं, तरी चालवत होते. हात थांबले असते तर मी उठले असते.

पावणेबाराला ती दोघं आली. रघू पुढे, काशी त्याच्या खांद्यावर. अंगात लाल कुंची होती, माझ्या घरची नव्हे. तिची मान खाली लोंबत होती, प्रत्येक पावलाला हलत होती. यमुना मागून चालत काहीतरी सांगत होती आणि तो हसत होता. खिडकीखाली आल्यावर यमुनेने वर बघितलं. मला बघितलं. रोजच्यासारखा हात हलवला.

मी पण हलवला. कसा ते मला आजपण सांगता येणार नाही.

भोंगा झाला. नायकीण माझ्याबरोबर निघाली. शिपाई चाळीच्या मागच्या जिन्यात थांबले होते. यमुनेने दार उघडलं, कुंची केव्हाच काढली होती. "घे गो. आज लय झोपलीय तुझी लेक."

मी काशीला घेतलं. अंग थंडगार, श्वास मधूनच. पापणी उघडून बघितली, डोळ्यातली बाहुली तिळाएवढी. मी नायकिणीकडे बघितलं आणि शिपाई आत शिरले.

फळीवर पेड्यांचा पुडा सापडला, त्यात धोतऱ्याचं बी वाटून घातलेलं. गाठोड्यात परक्या बायकांच्या नथी आणि पाटल्या. रघू गयावया करायला लागला. यमुना नाही. फौजदाराने तिला विचारलं, "पोरीला काय दिलंस?"

"वाटेत जागी झाली, आणखी एक गोळी दिली." मग माझ्याकडे वळली. "अशी काय बघतेस? निजवलीस तूच. मी नुसती उचलली."

इस्पितळात डॉक्टरने विचारलं, "पहिली कुणी दिली?" मी म्हटलं, मी. त्याने लिहून घेतलं, वर बघितलं नाही. कॉफी पाजली, तळव्यांना टिचक्या मारल्या, दिवसभर तिला निजू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती रडली.

त्या दोघांवर म्हाताऱ्याच्या खुनाचा खटला झाला, दोघं काळ्या पाण्यावर गेली. मला साक्षीला बोलावलं होतं. वकिलाने विचारलं, पोर रोज बाहेर जाते हे आईला कळलं नाही? मी म्हटलं, रोज निजलेली द्यायचे, निजलेली घ्यायचे.

तान्हं पोर कडेवर असलेल्या जोडप्यावर कुणी संशय घेत नाही. आणि रडणारं पोर कुणी उसनं नेत नाही. मला एवढंच कळलं.

गोळी मी बंद केली. काशी आता माझ्या रिळाखाली टोपलीत असते. मास्तरला चालत नाही, पण नायकीण त्याचं बघून घेते. पोर दिवसभर रडते. खात्याच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नाही, मलापण नाही. तोंड उघडलेलं तेवढं दिसतं. ते दिसलं, पोर जागी आहे एवढं कळलं, की मी कामाला लागते.